सर्च रिपोर्ट आम्हालाही वाचू द्या: होम लोन देणाऱ्या बँकांना आणि त्यांच्या पॅनेल वकिलांना खुलं पत्र

प्रति,
होम लोन देणाऱ्या सगळ्या सरकारी, खाजगी, सहकारी बँका, हाउसिंग फायनान्स कंपन्या,
आणि त्यांच्या पॅनेलवरचे वकीलसाहेब, वकील मॅडम

विषय: आमच्या पैशाने काढलेला टायटल सर्च रिपोर्ट आम्हाला मिळण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

मुद्द्यावरच येते. आम्ही घर घ्यायला निघालो की लोन पास करायच्या आधी तुम्ही त्या घराचं लीगल करता, म्हणजे त्याचं टायटल (मालकी) स्वच्छ आहे का ते तपासून घेता. तुमच्या पॅनेलवरचे, म्हणजे तुम्ही नेमलेल्या यादीतले वकील सब-रजिस्ट्रार ऑफिसच्या रेकॉर्डमध्ये साधारण ३० वर्षांचा सर्च घेतात, इंडेक्स टू (रजिस्टर झालेल्या दस्तांची सूची) बघतात, घर कोणाकडून कोणाकडे गेलं त्याची चेन जुळवतात, आधीचा काही बोजा आहे का ते बघतात आणि शेवटी आपलं मत लिहून रिपोर्ट देतात. ह्याचे पैसे आमच्याकडून जातात, कुठे लीगल चार्जेस म्हणून सरळ तर कुठे प्रोसेसिंग फीमध्ये गुंडाळून. रिपोर्ट तुमच्या फाइलला लागतो. आणि ज्याने पीएफ काढला, एफडी मोडल्या, पुढची वीस वर्षं हप्त्याला बांधून घेतली त्याला काय मिळतं तर फोनवर एक वाक्य, "लीगल क्लिअर झालं."

तो रिपोर्ट आम्हाला द्या. पूर्ण द्या, सगळ्या पानांसकट, आणि आमचे पैसे अडकायच्या आधी द्या. पत्राचा सगळा गाभा एवढाच आहे, बाकी जे लिहितेय ते "का" आणि "तुम्ही नाही का म्हणता" ह्याबद्दल आहे.

मी मागितला होता. बँकेचं नाव घेत नाही, कारण दुसरीकडे गेले असते तरी हेच झालं असतं, ओळखीच्या बऱ्याच जणांना विचारलंय, कोणाकडेच त्याची कॉपी नाही. लोन करून देणारा मुलगा स्वभावाने चांगला होता, त्याने मोबाइलवर पीडीएफ उघडली, स्क्रीन माझ्याकडे धरली आणि अंगठ्याने भराभर सरकवत थेट शेवटच्या पानावर नेली, तिथे "क्लिअर अँड मार्केटेबल" (मालकी स्वच्छ, विकता येण्याजोगी) ह्या शब्दांवर बोट ठेवून म्हणाला बघा मॅडम. मधे एका पानावर "सब्जेक्ट टू", म्हणजे "अमुक अटीवर", असं ठळक काहीतरी दिसलं आणि त्याखाली बऱ्याच ओळी होत्या. म्हटलं ते जरा मागे घ्या ना, तर "ते इंटर्नल असतं मॅडम, कॉन्फिडेन्शियल आहे", आणि फोन खिशात. ब्रँचला मेल केला तर उत्तर आलं की सदर रिपोर्ट फक्त बँकेच्या उपयोगासाठी आहे. पुढे "लीगल क्वेरी" म्हणून माझ्याकडेच मागणी आली की विक्रेत्याच्याही आधीच्या मालकाचं ओरिजिनल अ‍ॅग्रीमेंट आणून द्या, तेव्हा कळलं की त्या ओळींमध्ये बहुतेक हे होतं. बहुतेकच म्हणायचं, कारण बाकीच्या ओळी अजूनही मला माहीत नाहीत आणि घर माझ्या नावावर आहे.

आता तुम्ही म्हणाल बँकेने लोन दिलं म्हणजे कागद बरोबरच असणार ना. हेच तर आमच्याकडे प्रत्येकजण एकमेकाला सांगतो, "अरे एवढी मोठी बँक पैसे देतेय, त्यांनी बघितलंच असेल की." तुमचे सेल्सवालेसुद्धा हेच सांगतात, नाही म्हणू नका. पण तुमची काळजी आणि आमची काळजी एक नाहीये. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने तुम्ही ३० लाखांपर्यंतच्या लोनला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के एवढंच देऊ शकता. म्हणजे वरचे १० ते २५ टक्के आमचे, आणि ते आधी जातात. शिवाय स्टॅम्प ड्युटी आमची, रजिस्ट्रेशन आमचं. उद्या टायटलमध्ये लफडं निघालं तर तुमच्याकडे आमचा पगार आहे, को-अ‍ॅप्लिकंट आहे, गॅरंटर असेल तर तो आहे. घर हातचं गेलं म्हणून हप्ता थांबत नाही. तेव्हा तुमच्या वकिलाने "चालेल" म्हटलेली जोखीम ही तुम्हाला चालणारी जोखीम असते, आम्हाला ती चालेल का हे आम्हाला कोणी विचारलेलंच नसतं कारण ती काय आहे हेच सांगितलेलं नसतं.

एक उदाहरण सविस्तर देते, कारण असे फ्लॅट बाजारात भरपूर आहेत. फ्लॅट वडिलांच्या एकट्याच्या नावावर होता. वडील गेले, मृत्युपत्र नाही. सोसायटीत नॉमिनी म्हणून आईचं नाव होतं म्हणून शेअर सर्टिफिकेट आईच्या नावावर झालं. दोन मुली, एक मुलगा. आता आई फ्लॅट विकायला काढते, शेअर सर्टिफिकेटवर तिचं नाव, मेंटेनन्सच्या पावत्या तिच्या नावावर, लाइट बिल तिच्या नावावर, घेणाऱ्याला वाटतं मालकीण हीच. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये इंद्राणी वाही केसमध्ये सांगितलं की सोसायटीने नॉमिनीच्या नावावर ट्रान्सफर करून द्यायचं, पण वारसांना आपला हक्क मागायचा रस्ता मोकळा राहतो. आपल्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात २०१९ मध्ये जो नवीन भाग आला त्यातही वारस ठरेपर्यंत नॉमिनी हा प्रोव्हिजनल मेंबरच धरलाय. हिंदू वारसा कायद्याने त्या फ्लॅटचे चार सारखे हिस्से होतात, आई, दोन मुली, मुलगा. वडिलांची आई हयात असेल तर पाच. म्हणजे आईने एकटीने सही केली तर घेणाऱ्याला मिळाला एक चतुर्थांश फ्लॅट, पैसे मात्र पूर्ण फ्लॅटचे. ह्यावर उपाय सोपा आहे, बाकीच्या तिघांनी हक्कसोडपत्र रजिस्टर करून द्यायचं किंवा विक्रीच्या अ‍ॅग्रीमेंटवर सगळ्यांनीच सह्या करायच्या. पण उपाय करायला आधी भानगड माहीत पाहिजे ना!

आणि तुमच्या वकिलाला ती माहीत असते. तो रिपोर्टमध्ये व्यवस्थित लिहितो की टायटल क्लिअर आहे, सब्जेक्ट टू बाकीच्या वारसांचं रिलीज डीड, म्हणजे तेच हक्कसोडपत्र. पुढे तुमच्या ऑफिसात काय होतं ते बँकेबँकेवर आहे. कुठे हट्टाने रिलीज डीड मागतात, चांगलंच आहे. कुठे वारसांचं नोटरी केलेलं अ‍ॅफिडेव्हिट घेऊन भागवतात, कुठे आमच्याकडूनच एक अंडरटेकिंग लिहून घेतात की काही झालं तर जबाबदारी माझी, आणि ते अंडरटेकिंग त्या चाळीस सह्यांच्या गठ्ठ्यात असतं जिथे मुलगा फक्त "इथे, इथे, आणि इथे" एवढंच बोलत असतो. स्थावर मालमत्तेतला हक्क सोडायचा तर रजिस्टर दस्तच लागतो, नोटरीच्या शिक्क्याने तो सुटत नाही, हे तुमच्या पॅनेलवरच्या नवख्या वकिलालाही माहीत असतं. आम्हाला नसतं.

हे झालं वारसांचं. असे "सब्जेक्ट टू" अनेक जातीचे असतात. जमीन भोगवटादार वर्ग दोनची आहे, कलेक्टरच्या परवानगीशिवाय ट्रान्सफर होत नाही. सोसायटीच्या नावावर जमिनीचं कन्व्हेयन्स (मालकी हस्तांतर) अजून झालेलं नाही, बिल्डर किंवा मूळ जमीनमालकच सातबाऱ्यावर किंवा प्रॉपर्टी कार्डवर आहे. चेनमधलं एक अ‍ॅग्रीमेंट रजिस्टरच केलेलं नाही, जुन्या फ्लॅटमध्ये हे सर्रास. किंवा मधला व्यवहार पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीवर झालाय, आणि सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये सूरज लँप केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की नुसत्या जनरल पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी, साठेखत (विक्रीचा करार) आणि मृत्युपत्राच्या जोरावर मालकी जात नाही.

आणि माझं सगळ्यात आवडतं वाक्य, जे ह्या रिपोर्टांमध्ये नेहमी असतं म्हणे: अमुक ते अमुक सालाची इंडेक्स टूची रजिस्टरं फाटलेल्या, सुट्ट्या पानांच्या किंवा अपुऱ्या स्थितीत आढळली. आपल्याकडे रजिस्ट्रेशन कॉम्प्युटरवर आलं २००२ च्या सरिता प्रणालीपासून, त्याआधीचं सगळं हाताने लिहिलेल्या पुस्तकांमध्ये. म्हणजे "३० वर्षांचा सर्च" म्हणताना त्यातल्या काही वर्षांबद्दल वकील प्रामाणिकपणे सांगतोय की बाबा मला बघायला मिळालं नाही. त्याने लिहिलं, त्याचं काम झालं. तुम्ही फाइलला लावलं, तुमचंही झालं. ज्याला त्या न बघितलेल्या वर्षांसकट घर घ्यायचंय त्याला सोडून सगळ्यांना ठाऊक!

आता कायदा काय म्हणतो बघा, मी वकील नाही, पण वाचता येतं. ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी अ‍ॅक्ट, १८८२ चा. त्याच्या कलम ५५ मध्ये विक्रेत्यावर बंधन आहे की टायटलमधला दोष घेणाऱ्याला सांगायचा आणि मागितले तर मालकीचे कागद तपासायला द्यायचे. पण त्याच कायद्याच्या कलम ३ मध्ये असंही आहे की दस्त रीतसर रजिस्टर झालेला असला की पुढे घेणाऱ्याला तो माहीतच होता असं धरलं जातं. वाचला नाही, दिसला नाही, कोणी दाखवला नाही, काही चालत नाही. म्हणजे कायद्याच्या नजरेत मी त्या ३० वर्षांच्या रजिस्टरमधलं सगळं जाणते, आणि प्रत्यक्षात त्या ३० वर्षांचा सारांश ज्या दहा-बारा पानांत आहे ती पानं तुम्ही मला दाखवत नाही. ह्याला काय म्हणावं?

सब-रजिस्ट्रार तरी बघत असेल असं अनेकांना वाटतं. नाही बघत. विकणारा खरा मालक आहे का हे ठरवणं त्याचं काम नाही. एप्रिल २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तमिळनाडूचा एक नियम रद्द केला, त्यात सब-रजिस्ट्रारला मालकीचा आधीचा पुरावा नसेल तर दस्त नाकारता येत होता, कोर्ट म्हणालं टायटल तपासायचा अधिकार त्याला नाही. थोडक्यात आपल्या देशात रजिस्टर होतो तो दस्त, मालकीची हमी सरकार घेत नाही. मग अख्ख्या व्यवहारात टायटल खरोखर तपासणारा माणूस एकच, तुमचा पॅनेल वकील. आणि त्याच्याशी आम्ही बोलायचं नाही, त्याचा नंबर मिळत नाही, त्याने लिहिलेलं वाचायचं नाही.

बरं ही मागणी काही जगावेगळी नाही. मोफा, म्हणजे महाराष्ट्राचा फ्लॅट मालकीचा कायदा, १९६३ चा आहे, साठ वर्षं होऊन गेली, त्यात बिल्डरवर सक्ती आहे की जमिनीच्या टायटलची खरी माहिती द्यायची आणि ते टायटल निदान तीन वर्षं प्रॅक्टिस केलेल्या वकिलाने सर्टिफाय केलेलं असलं पाहिजे, आणि ते सर्टिफिकेट अ‍ॅग्रीमेंटला जोडायचं. म्हणून तर बिल्डरच्या जाडजूड अ‍ॅग्रीमेंटच्या शेवटी टायटल सर्टिफिकेट लागलेलं असतं. पुढे २०१६ चा रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा कायदा आला, प्रोजेक्टचा टायटल रिपोर्ट महारेरा ह्या राज्याच्या नियामकाच्या साइटवर सगळ्यांना बघायला टाकायला लागला, २०२१ मध्ये तर महारेराने त्याचा ठराविक फॉरमॅटच काढला. बिल्डरच्या जमिनीच्या टायटलमध्ये दोष निघून नुकसान झालं तर रेराच्या कलम १८ प्रमाणे भरपाई मागता येते आणि त्याला मुदतीचीही आडकाठी नाही. म्हणजे नवीन फ्लॅट घेणाऱ्याला वकिलाचा रिपोर्ट घरबसल्या फुकट वाचता येतो. रिसेल, म्हणजे आधीच्या मालकाकडून जुना फ्लॅट घेणाऱ्याला काय? त्याला ना महारेराची साइट, ना अ‍ॅग्रीमेंटला जोडलेलं सर्टिफिकेट, समोर एक कुटुंब आणि मधे एजंट जो म्हणतो पेपर एकदम क्लिअर आहेत साहेब. जिथे चेन सगळ्यात लांब आणि गुंतागुंत सगळ्यात जास्त, तिथेच रिपोर्ट कुलपात. बिल्डर लोकांना सगळं उघड करायला लावलंय आणि बँका "कॉन्फिडेन्शियल" म्हणतायत, हे गमतीचंच आहे.

तुमच्या स्वतःच्या नियमांकडेही जरा बघा. रिझर्व्ह बँकेचं १५ एप्रिल २०२४ चं परिपत्रक, की फॅक्ट स्टेटमेंट ह्या कर्जाचे दर आणि खर्च एका जागी सांगणाऱ्या पत्रकाबद्दलचं, १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या रिटेल लोनना लागू. त्यात म्हटलंय की लीगल चार्जेससारखे तिसऱ्याच्या नावाने घेतलेले पैसे वेगळे दाखवायचे, वार्षिक दरात धरायचे, आणि बँक ते वसूल करत असेल तर प्रत्येक पेमेंटच्या पावत्या आणि संबंधित कागदपत्रं वाजवी वेळेत कर्जदाराला द्यायची. संबंधित कागदपत्रं! वकिलाला दिलेल्या पैशाशी त्या वकिलाच्या रिपोर्टपेक्षा जास्त संबंधित कागद कोणता, मला तरी सुचत नाही. तुमचं कंप्लायन्स खातं म्हणेल की ह्याचा अर्थ बिल आणि पावती एवढाच. असेल. पण तसं स्पष्ट लिहिलेलंही नाही, आणि अर्थ दोन निघत असतील तर कर्जदाराच्या बाजूचा घ्यायला तुम्हाला कोणी अडवलंय? त्याच परिपत्रकात ते स्टेटमेंट कर्जदाराला समजेल अशा भाषेत असावं असंही आहे. म्हणजे व्याजदर मराठीत समजावायचा, आणि ज्या घरासाठी ते व्याज भरायचं त्या घराचा मालक कोण हे इंग्रजीत, तेही फाइलमध्ये.

तुमची कारणं मी ऐकलीयेत, तीच तीच आहेत. पहिलं, रिपोर्ट बँकेच्या नावाने लिहिलेला आहे, वकिलाचा अशील बँक आहे, गोपनीयता आहे. मान्य. पण गोपनीयता अशिलासाठी असते, अशील म्हणजे तुम्हीच, तुम्ही हो म्हटलं की प्रश्न मिटला. शिवाय त्यात गोपनीय आहे काय? सब-रजिस्ट्रारचं रेकॉर्ड कोणालाही फी भरून बघता येतं, इंडेक्स टू ऑनलाइन दिसतो, सरसाई ह्या गहाणांच्या केंद्रीय नोंदवहीवर गहाणाचा सर्च कोणीही पैसे भरून करू शकतो. सगळा कच्चा माल सार्वजनिक, फक्त त्याचा अर्थ लावलेला कागद बंद.

दुसरं कारण खरं आहे आणि ते कोणी मोठ्याने बोलत नाही: रिपोर्ट हातात दिला आणि पुढे काही निघालं तर कर्जदार आमच्यावर केस करेल. मग वर लिहा ना की हा रिपोर्ट बँकेसाठी काढलाय, कर्जदाराला फक्त माहितीसाठी देतोय, त्याने स्वतःचा वकील बघावा. आम्ही सही करून घेऊ. चाळीस ठिकाणी करतोच, एक्केचाळिसावी करू. तुमच्याकडून हमी मागतच नाहीये मी, माहिती मागतेय.

तिसरं म्हणजे "तुम्ही तुमचा वकील लावा की." लावावाच. मी ज्याला त्याला हेच सांगते, रिसेल घेताना स्वतःचा वकील लावा, आणि एजंटने सुचवलेला नको. पण एकाच घराचा, त्याच रजिस्टरांमधला, त्याच ३० वर्षांचा सर्च दोनदा काढायचा आणि दोन्हीचे पैसे एकानेच भरायचे, हा कुठला न्याय? तुमचा रिपोर्ट मिळाला तर आमचा वकील त्याच्यापुढे काम सुरू करेल, जे सुटलंय ते बघेल, कोर्टात दावा चालू आहे का बघेल, सोसायटीची थकबाकी बघेल, ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) आहे का बघेल. आणि ज्याला दुसरा वकील परवडत नाही त्याला निदान त्या "सब्जेक्ट टू"च्या ओळी दिसतील, दोन माणसांना विचारेल तो.

कॉपी कधी मिळते ह्यालाही तेवढंच महत्त्व आहे. आत्ता क्रम कसा असतो? आधी टोकन, मग साठेखत, त्यावर पूर्ण स्टॅम्प ड्युटी, मुंबईत ६ टक्के, पुण्यात ७, बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का कमी, वर रजिस्ट्रेशन जास्तीत जास्त ३० हजार, आणि बऱ्याच वेळा ह्या सगळ्यानंतर तुमचं लीगल पूर्ण होतं कारण "रजिस्टर अ‍ॅग्रीमेंट आल्याशिवाय फाइल लीगलला जात नाही". मग क्वेरी निघते. तोपर्यंत विक्रेत्याने टोकन आणि पार्ट पेमेंट त्याच्या पुढच्या घरात घातलेलं असतं. आता मागे फिरायचं तर अ‍ॅग्रीमेंट रद्द करा, स्टॅम्प ड्युटी परत मिळावी म्हणून अर्ज करा, त्याच्या मुदती, त्याच्या अटी, विक्रेता कॅन्सलेशनला यायला तयार आहे का ते बघा. अशा वेळी माणूस मागे फिरत नाही, डोळे मिटून पुढे जातो, आणि तुमचा मुलगाही सांगतो काही होत नाही मॅडम, फॉर्मॅलिटी आहे. तेव्हा साठेखताच्या आधी, विक्रेत्याच्या कागदांच्या झेरॉक्सवर पहिला लीगल करून द्या, पैसे आम्ही भरतो, व्यवहार मोडला तरी ते परत मागणार नाही. काही बँका प्रॉपर्टी ठरायच्या आधी पात्रता बघून सँक्शन लेटर देतात, म्हणजे आमचा पगार आधी तपासता येतो, मग घर का नाही?

वकील मंडळींना थोडं वेगळं सांगायचंय. तुम्हाला मिळणारी फी किती तुटपुंजी असते आणि दोन-तीन दिवसांत रिपोर्ट द्या म्हणून मागे किती तगादा असतो हे मला कळतं, ओळखीत आहेत तुमच्यातले. तरीही दोन गोष्टी तुमच्या हातात आहेत. एक म्हणजे कोणता कागद ओरिजिनल बघितला आणि कोणता झेरॉक्सवर बघितला हे प्रत्येक कागदापुढे लिहा, "डॉक्युमेंट्स परयूज्ड" (वाचलेले कागद) असं एकच हेडिंग देऊन सगळं एका माळेत ओवू नका. दुसरं, तुमच्या हरकती पहिल्या पानावर, मराठीत, साध्या वाक्यात घ्या. "वडिलांच्या मृत्यूनंतर दोन मुली आणि मुलगा ह्यांचा हक्क शिल्लक दिसतो, त्यांचं रजिस्टर हक्कसोडपत्र घ्यावं." हे लिहायला पाच मिनिटं लागतात. खाली दहा पानं इंग्रजीत असू देत, ती बँकेला.

आणि बँकांनो, गहाणाचं रेकॉर्डही ह्याच रिपोर्टमधून आम्हाला समजू द्या. विक्रेत्याचं लोन चालू असेल तर त्याचे ओरिजिनल दुसऱ्या बँकेत असतात, तुम्ही त्या बँकेकडून फोरक्लोजर लेटर (किती भरलं की लोन बंद होईल ते पत्र) आणि कागदांची यादी मागवता, हे सगळं आमच्या डोक्यावरून जातं. ओरिजिनल ठेवून केलेलं गहाण पूर्वी रजिस्ट्रेशनच्या रेकॉर्डला दिसायचंच असं नव्हतं, महाराष्ट्रात २०१३ पासून ३० दिवसांत नोटीस ऑफ इंटिमेशन (गहाणाची सूचना) फाइल करावी लागते म्हणून आता दिसतं, आणि सरसाई २०११ पासून आहे. पण त्याआधीच्या एखाद्या पतपेढीच्या कर्जाचं काय झालं, ते फिटलं का, त्याचा रिलीज कुठे नोंदला गेला का, हे रिपोर्टमध्ये एका ओळीत असतं. ती ओळ ज्याच्या घराबद्दल आहे त्याला माहीत असली की तो विक्रेत्याला विचारू शकतो, त्या पतपेढीत जाऊन दाखला काढू शकतो, आणि हे तो आज करू शकतो, पंधरा वर्षांनी त्याला स्वतःला घर विकायचं असेल तेव्हा ना तो विक्रेता सापडत, ना ती पतपेढी.

तेव्हा तुमच्या प्रत्येक होम लोन अर्जात एक रकाना वाढवा, "टायटल रिपोर्टची प्रत हवी: होय / नाही", आणि होय म्हणणाऱ्याला ती साठेखताच्या आधी मेलवर पाठवा. इंडियन बँक्स असोसिएशनने सगळ्यांसाठी एकच पद्धत ठरवली तर उत्तम, नाहीतर एखाद्या बँकेने एकटीने सुरू केलं तरी चालेल, आम्ही लोन घ्यायला तिकडेच जाऊ, पाव टक्का व्याज जास्त असलं तरी.

कळावे,
तुमचीच एक कर्जदार

ता. क.: मॉर्गेजच्या दिवशी ओरिजिनल कागद तुमच्याकडे जमा करताना जी यादी देता ती "अ‍ॅग्रीमेंट - १, रिसीट - १" अशी नको. दस्त क्रमांक, तारीख, पानं किती, ओरिजिनल की सर्टिफाइड कॉपी, हे सगळं घालून शिक्क्यासकट त्याच दिवशी हातात द्या, "कुरिअरने येईल" नको. रिझर्व्ह बँकेच्या १३ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकाप्रमाणे लोन पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत तुम्हाला ओरिजिनल परत करायचेत, तुमच्यामुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे, आणि हरवले तर डुप्लिकेट काढायचा खर्चही तुमचा. पण काय काय जमा केलं होतं हेच यादीत नीट नसेल तर हरवलं काय हे आम्ही दाखवायचं कशावरून?